रोगी आणि औषध यांच्यामधला दलाल

निवडणूक जवळ आली कीं आमच्या सातारा-सांगलीकडे दोन पिकें बियाण्यावांचून उगवतात. एक फलकांचें आणि दुसरें मोफत आरोग्य शिबिरांचें. शाळेच्या पटांगणांत मांडव पडतो, रक्तदाब मोजण्याचीं यंत्रें येतात, डोळे तपासतात, म्हाताऱ्यांना चष्मे मिळतात, आणि मांडवाच्या तोंडाशीं उमेदवाराचा हात जोडलेला पुरुषभर उंचीचा फोटो उभा असतो. चष्मा वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या म्हातारीला सुईंत दोरा ओवतां येत नव्हता तिला तो ओवतां आला, हें बरेंच झालें. परंतु मांडव उठल्यावर दुसऱ्या दिवशीं त्याच म्हातारीला ताप भरला तर ती कोठें जाणार, आणि तिच्या औषधाचे पैसे कोणाच्या गांठीचे सुटणार, हा प्रश्न मांडवांत कोणी विचारीत नाहीं. तो येथें विचारावयाचा आहे.

खटाव तालुक्यांतल्या एका सुताराची हकीकत आम्हांस ठाऊक आहे. नांव-गांव सांगत नाहीं, कारण असे सुतार पुष्कळ आहेत. बायकोला ताप आला. पहिल्या दिवशीं काढा झाला, दुसऱ्या दिवशीं अंगारा झाला, तिसऱ्या दिवशीं सरकारी दवाखाना. इमारत चांगली, रंगही नवा. पण डॉक्टरची जागा रिकामी. नर्सबाईपाशीं होतें तेवढें औषध तिनें दिलें आणि तालुक्याला न्या म्हणाली. तालुक्याला खासगी डॉक्टर. तेथें रक्त तपासलें, सलाईन लावलें, बाहेरून औषधें आणावयास चिठ्ठी दिली. बाई बरी झाली. पण सुताराचें रंधा मारण्याचें यंत्र विकलें गेलें आणि तो पुन्हां हातरंध्यावर आला. त्याच्यापाशीं सरकारी योजनेचें कार्ड होतें. तें त्यानें दाखविलें. उत्तर मिळालें कीं हा दवाखाना यादींत नाहीं आणि असल्या तापाला हें कार्ड चालतही नाहीं. पुढें महिन्याभरानें गांवांत शिबीर भरलें, त्यांत सुताराला चष्मा मिळाला. कसा काय आहे म्हणून आम्हीं विचारलें, तर म्हणाला, "ब्येस हाय की! बोर्डावरचा फोटू आता लई झ्याक दिसतुया."

हंसावयास येतें खरें. पण यंत्र गेलें तें गेलें.

ज्या योजनेचें हें कार्ड, तिचा इतिहास आपल्याच मातीशीं जडलेला आहे. २०१० पासून २०१४ पर्यंत कराडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारनें २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्या आठांत शेजारचा सोलापूर होता, सातारा-सांगली नव्हते. आपल्याकडे ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजीं, राहिलेल्या राज्याबरोबर आली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा खर्च आणि नऊशेंहून अधिक शस्त्रक्रिया व उपचार, असें तिचें स्वरूप. २०१७ सालीं दुसऱ्या पक्षाचें सरकार होतें. त्यानें राजीव गांधींचें नांव काढून महात्मा जोतीराव फुल्यांचें घातलें. २०२३ च्या जुलैंत मर्यादा पांच लाखांवर नेण्याचें, आणि शिधापत्रिकेचा रंग न पाहतां सर्वांना ती लागू करण्याचें ठरलें. २०२४ मध्यें त्याचा अंमल झाला.

या योजनेची निंदा करावयास आम्ही बसलों नाहीं. हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग हीं दुखणीं ज्या घरांत शिरलीं तें घर या योजनेआधीं जमीन गहाण टाकीत असे. आज तेथें दवाखान्यांतला आरोग्यमित्र कागद करतो आणि बिल सरकारकडे जातें. ज्यानें हें अनुभवलें तो योजनेला वाईट म्हणणार नाहीं. आमचें भांडण योजनेशीं नाहीं; तिच्या आड जें झांकलें जातें त्याच्याशीं आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हां या पांच लाखांवर बोली लागली. महाविकास आघाडीनें पंचवीस लाखांपर्यंतच्या विम्याचें आणि मोफत औषधांचें वचन दिलें. सत्तेवरची महायुती पांच लाख आधींच दिल्याचें सांगत होती. जनावरांच्या बाजारांत व्यापारी रुमालाखालीं बोटें धरून दर ठरवितात. येथें रुमालही नव्हता. आणि कराड दक्षिणेंत तर हा सगळा प्रश्न दोन माणसांच्या रूपानें मतदारापुढें उभा होता. एका बाजूला ही योजना आणणाऱ्या सरकारचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. दुसऱ्या बाजूला भाजपचे डॉ. अतुल भोसले, ज्यांचे आजोबा जयवंतराव भोसले यांनीं कराडास कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय उभें केलें. एकाच्या नांवावर बिल भरणारी योजना, दुसऱ्याच्या घराण्याच्या नांवावर रोगी बरें करणारें रुग्णालय. मतदारांनीं डॉ. भोसल्यांना निवडून दिलें. दोघांपैकीं कोणाच्याही हेतूविषयीं आम्हांस शंका घ्यावयाची नाहीं. योजना हवीच होती आणि रुग्णालयही हवेंच होतें. परंतु या दोहोंच्या मधें एक तिसरी वस्तु उभी होती, तिची बाजू घेऊन भांडणारा आवाज पांच आणि पंचवीस यांच्या गलबल्यांत आमच्या कानीं आला नाहीं. ती वस्तु म्हणजे आपल्या गांवचें सरकारी आरोग्य केंद्र.

कार्ड बिल भरतें. डॉक्टर नेमीत नाहीं. कार्ड चालतें तें रोगी दवाखान्यांत दाखल झाल्यावर, आणि तेंही यादींतल्या रोगांना, यादींतल्या दवाखान्यांत. आपल्या घरांतलीं दुखणीं मात्र बहुतेक अशीं नसतात. ताप, खोकला, जुलाब, विंचू, पोरांचे कान, बायकांचें अंगावरून जाणें, म्हाताऱ्याची साखर आणि रक्तदाबाची रोजची गोळी. यांत खाट लागत नाहीं, पैसा मात्र लागतो, आणि तो थेंबाथेंबानें जातो म्हणून डोळ्यांत भरत नाहीं. सरकारचाच हिशेब असा आहे कीं २०२१-२२ सालीं देशांत आरोग्यावर झालेल्या खर्चाच्या शंभर रुपयांतले ३९ रोग्यांनीं आपल्या खिशांतून भरले. २०१३-१४ सालीं ते ६४ होते. म्हणजे भार हलका झाला, हें कबूल. पण उरलेल्या ३९ मध्यें मोठा वाटा औषधांचा आणि दाखल न होतां घेतलेल्या उपचारांचा आहे, आणि तेथें पांच लाखांचें कार्ड काय कीं पंचवीस लाखांचें काय, दोन्हीं भिंतीवर लावावयाच्या चित्रासारखींच.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी प्रसिद्ध आहे. पण ऊसाच्या फडांत रात्रीं पाणी पाजतांना ज्याच्या पायाला नाग डसला त्याला पूजाही तारीत नाहीं आणि कार्डही तारीत नाहीं. त्याला तारते ती जवळच्या केंद्रांत थंड कपाटांत ठेवलेली विषावरची लस, ती टोंचणारा डॉक्टर, आणि त्या रात्रीं तो तेथें हजर असणें. हिशेबाप्रमाणें मैदानी मुलुखांत तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, डोंगरांत वीस हजारांना. उपकेंद्र पांच हजारांना, डोंगरांत तीन हजारांना. पाटण, जावळी, शिराळा येथील वाड्या-वस्त्यांच्या लोकांनीं हा हिशेब आपल्या पायांनीं मोजून पाहावा. वस्ती कागदावर मोजतात. पावसांतला घाट कागदावर चढत नाहीं.

आतां पैसा कोणाचा तें पाहूं. कोणी म्हणेल, सरकार फुकट देतें त्यांत इतक्या चौकशा कशाला? हेंच तें फसवें वाक्य. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर साहेबांच्या शिक्षण-मंडळापुढें लेखी जबानी दिली. तिच्यांतलें मुख्य म्हणणें असें कीं सरकारची तिजोरी रयतेच्या घामानें भरते, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. कुणब्याच्या पोराच्या गांवशाळेला उरतें काय? त्या वेळीं शेतसाऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसत असे. आणा कुणब्याचा, शाळा दुसऱ्याची. आज शेतसारा नांवापुरता राहिला. पण साबणाच्या वडीपासून डिझेलच्या थेंबापर्यंत कर आहेच, आणि तो सुताराच्या खिळ्यालाही आहे. जोतीरावांनीं शाळेविषयीं विचारलें तेंच आपण दवाखान्याविषयीं विचारावें: पैसा आमचा, तर तो प्रथम आमच्या गांवीं कां येत नाहीं? ज्या योजनेला त्यांचें नांव दिलें तिच्याविषयीं त्यांचाच प्रश्न विचारणें हा कांहीं अपराध नव्हे.

नांवें देण्यांत आपलें सरकार उदार आहे. योजनेला महात्मा फुल्यांचें, साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचें, सांगलीच्या रुग्णालयाला वसंतदादांचें. नांव देण्यास अंदाजपत्रक लागत नाहीं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत लिहिलें होतें कीं प्रत्येक राज्यानें २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकांतले आठ टक्क्यांहून अधिक पैसे आरोग्यावर घालावे. तें २०२० उलटून गेलें. महाराष्ट्र त्या आठाच्या जवळपासही पोहोंचला नाहीं. शंभर रुपयांतले आठ! घरांत एक माणूस आजारी पडलें तर गरीब कुणबी यापेक्षां अधिक काढतो.

फुले घराण्याचा दवाखान्याशीं संबंध नांवापुरता नव्हता, हेंही या निमित्तानें आठवावें. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंच्या दत्तक मुलानें, डॉक्टर यशवंतानें, हडपसरजवळ माळावर रोग्यांसाठीं दवाखाना मांडला. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मानलेल्या घरचें प्लेगनें पछाडलेलें पोर सावित्रीबाईंनीं पाठीवर घालून तेथें नेलें, असें सांगतात. त्यांतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. त्या पोराच्या बापाकडे कोणी शिधापत्रिका मागितली नव्हती, कीं कोणाची चिठ्ठी आण म्हटलें नव्हतें.

चिठ्ठी! खरी मेख येथेंच आहे. सत्यशोधक समाजानें १८७३ पासून आपल्या बापजाद्यांना एकच गोष्ट शिकविली कीं देवाच्या आणि माणसाच्या मधें दलाल नको. लग्न आपण लावूं, पूजा आपण करूं, दक्षिणा कोणास कशाला? त्या शिकवणीचीं घरें साताऱ्यांत गांवोगांव झालीं. आणि आज त्याच घरांतला माणूस दवाखान्यांत खाट मिळावी म्हणून पुढाऱ्याच्या बंगल्यावर सकाळीं सहा वाजतां जाऊन बसतो. आंत एक स्वीय सहायक असतो. तो फोन लावतो, चिठ्ठी देतो, रोग्याचें नांव वहींत टिपून घेतो. त्या वहीचा उपयोग कशाला होतो हें मतदानाच्या आदल्या रात्रीं कळतें. पूर्वीं दक्षिणा पैशांत द्यावी लागे. आतां ती मतांत द्यावी लागते, एवढाच फरक.

यांतली खरी गंमत अशी कीं ज्या गोष्टीसाठीं चिठ्ठी मागावयाची ती पुष्कळदां कायद्यानेंच आपली असते. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांविषयीं सार्वजनिक विश्वस्त कायद्यांत कलम ४१ कक आहे, आणि त्याच्या आधारें मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं योजना लावून दिली. तिच्याप्रमाणें शंभर खाटांतल्या दहा निर्धन रोग्यांना फुकट, आणखी दहा दुर्बल घटकांना सवलतीनें, आणि रुग्णालयाच्या एकूण बिलांचे दोन टक्के गरिबांसाठींच्या निधींत. यासाठीं उत्पन्नाचा कागद लागतो, पुढारी लागत नाहीं. रुग्णालयानें टाळलें तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत तक्रार करतां येते. ज्या उमेदवाराला आपला कळवळा आहे त्यानें चिठ्ठ्या वाटण्यापेक्षां हें कलम मोठ्या अक्षरांत छापून गांवोगांव लावावें. पण मग बंगल्यावर गर्दी कशी जमणार?

हक्काची वस्तु हातांत पडतांना कशी निसटते, याचा एक नमुना आपल्याच दारचा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रांत सरकारी दवाखान्यांतले उपचार सर्वांना फुकट झाले. केसपेपरचे पैसेही नाहींत. निर्णय उत्तम होता, आणि ज्यांनीं तो केला त्यांना त्याचें श्रेय द्यावें. परंतु तो निर्णय सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांपुरता होता. वैद्यकीय शिक्षण खात्याच्या रुग्णालयांना तो लागू नव्हता. मिरजेचें आणि सांगलीचें मोठें सरकारी रुग्णालय मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलें, म्हणजे शिक्षण खात्याचें. म्हणून गांवचा केसपेपर फुकट झाला आणि दुखणें वाढून गांवच्या डॉक्टरनें मिरजेला पाठविलें कीं खिडकीवर पैसे मोजावयाचे. रोग्याला खातें कळत नाहीं हो; त्याला पोटांतली कळ तेवढी कळते.

मिरजेचें नांव निघालें म्हणून सांगतों. सांगली-मिरज हीं संस्थानें होतीं तेव्हां, १८९४ सालीं, वॉन्लेस नांवाच्या परदेशी मिशनरी डॉक्टरनें मिरजेस रुग्णालय काढलें आणि घाटावरचे, कोंकणांतले, कर्नाटकांतले रोगी बैलगाड्या जुंपून तेथें येऊं लागले. मिरजेचें वैद्यकीय नांव तेव्हांपासूनचें. सात समुद्रांपलीकडल्या लोकांनीं वर्गणी काढून आमच्यासाठीं दवाखाना बांधावा आणि आमच्या साऱ्यावर राज्य करणारांनीं बांधूं नये, याची लाज तेव्हांही कोणास वाटली नाहीं.

आपले लोक सत्तेवर गेले म्हणजे आपोआप सारें ठीक होतें असेंही नव्हे, आणि हें आपण ब्राह्मणेतरांनींच एकमेकांना सांगितलें पाहिजे. १९१९ च्या सुधारणांनीं मुंबई इलाख्यांत द्विदल राज्यपद्धति आली. साताऱ्याचे भास्करराव जाधव कौन्सिलांत निवडून गेले आणि पुढें शिक्षणमंत्री झाले. शिक्षण, आरोग्य, शेती, अबकारी हीं खातीं लोकांच्या मंत्र्यांकडे सोंपविलीं गेलीं. पण तिजोरी गव्हर्नरच्या बाजूच्या सभासदानें आपल्या हातीं ठेवली. बैल दिला, वेसण ठेवून घेतली! शाळा काढा म्हटलें तर पैसा नाहीं, दवाखाना काढा म्हटलें तर पैसा नाहीं. अबकारीचा पैसा वापरावा तर तो लोकांना दारू पाजून मिळालेला. तेव्हां आपल्या मंत्र्यांना निदान सांगावयास जागा होती कीं किल्ली साहेबाकडे आहे. आज खातेंही आपलें, किल्लीही आपली आणि साहेब जाऊन पाऊणशें वर्षें झालीं. आतां सबब कोणती सांगणार?

मद्रासेकडच्या ब्राह्मणेतर मंडळानें त्याच अडचणीच्या काळांत थोडें अधिक धैर्य दाखविलें. पानगलच्या राजांचें मंत्रिमंडळ असतांना, १९२०-३० च्या दशकांत, जो डॉक्टर खेड्यांत जाऊन दुकान मांडील त्याला सरकारनें सालिना मदत द्यावी अशी योजना तिकडे निघाली. सत्तर वर्षांनीं त्याच प्रांतांत, म्हणजे आजच्या तामिळनाडूंत, औषधांच्या खरेदीसाठीं सरकारनें स्वतंत्र महामंडळ काढलें. १९९५ पासून त्याचें काम सुरू आहे. त्याची रीत आपल्या शेतकऱ्याला चटकन् समजेल, कारण ती दूध-संघाच्या पासबुकासारखी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्राला एक पासबुक. वर्षाला अमुक रकमेचीं औषधें तुमच्या नांवें जमा, असें त्यांत लिहिलेलें. औषधें जिल्ह्याच्या गोदामांत भरलेलीं. केंद्रानें आपल्या गरजेप्रमाणें उचलावीं, पासबुकांत तेवढी रक्कम वजा व्हावी. खरेदी सगळ्या राज्याची एकदम, म्हणून भाव कमी. आणि औषध गोदामांतून सुटण्याआधीं नमुना तपासलेला. यांत कोणता चमत्कार आहे? गोकुळाष्टमीला दहींहंडीच्या खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या पोरांनाही हें जमेल. महाराष्ट्रांत औषध-खरेदीचें काम २०१७ च्या सुमारास हाफकिनकडे गेलें, पुढें २०२३ सालीं कायदा करून त्यासाठीं निराळें प्राधिकरण नेमलें. नवीन घर, नवीन पाटी. पण आपल्या गांवच्या केंद्राचें पासबुक कोठें आहे, आणि त्यांत यंदा किती जमा झाले, हें गांवांतल्या एकाला तरी ठाऊक आहे काय?

आमच्याकडे आणखी एक गोष्ट घडली, तीही बोलून टाकतों. या दोन जिल्ह्यांत साखर कारखाने उभे राहिले, त्यांच्या बळावर शिक्षणसंस्था आणि रुग्णालयें आलीं. शेतकऱ्याला अभिमान वाटला, आणि वाटावा असेंच तें होतें. ऊसाच्या बिलांतून टनामागें निरनिराळ्या कपाती देण्याची तर त्याला संवयच आहे. विलायतेंत वेल्स प्रांतीं ट्रेडेगर नांवाचें कोळशाच्या खाणींचें गांव आहे. तेथील मजुरांनींही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं पगारांतून कपात देऊन मदत-मंडळ काढलें; डॉक्टर त्यांचा, दवाखाना त्यांचा, आणि हिशेबाची वही मजुरांच्या कमिटीच्या टेबलावर. त्या गांवचा एक खाणमजुराचा मुलगा, अन्यूरिन बेव्हन, वयाच्या तेराव्या वर्षीं खाणींत उतरला, पुढें त्या कमिटींत बसला, १९२९ सालीं पार्लमेंटांत गेला आणि १९४५ सालीं आरोग्यमंत्री झाला. आपल्या गांवांत जें पाहिलें तें त्यानें साऱ्या देशाला लागू केलें. ५ जुलै १९४८ पासून विलायतेंत दवाखान्याच्या दारांत रोग्याला पैसे विचारीनासे झाले, खर्च करांतून. कपात त्यांनींही दिली, कपात आम्हींही दिली. ते मालक झाले आणि आम्ही रांगेंत उभे राहिलों. हें कां झालें, याचा विचार सभासदांनीं वार्षिक सभेंत लाडू खाण्याआधीं करावा.

विधानसभा दूरची वाटत असेल तर जवळचें पाहा. प्राथमिक आरोग्य केंद्रें चालवावयाचीं तीं जिल्हा परिषदेनें. १९६२ पासून ही रीत आहे. सातारा व सांगली या दोन्हीं जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ सगळा कारभार प्रशासकाच्या सहीनें चालला. या काळांत डॉक्टर नाहीं म्हणून कोणाची कॉलर धरावी, असा माणूसच गांवापुढें नव्हता. आणि जेव्हां उमेदवार येतात तेव्हां आपण त्यांना काय मागतों? सभामंडप. देवळापुढें फरशी. तालमीला मॅट. यांतलें वाईट कांहींच नाहीं. पण आपण औषध मागत नाहीं म्हणून ते देत नाहींत, एवढें आपल्याही पदरीं घ्यावें लागेल.

तेव्हां पुढच्या वेळीं जो कोणी दारीं येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या जातीचा असो वा नसो, त्याला चहा द्यावा आणि कांहीं गोष्टी विचाराव्या. आमच्या केंद्रांत डॉक्टरच्या जागा किती, भरलेल्या किती? रात्रीं मुक्कामाला कोण असतें? विंचवा-सर्पावरची लस आज आहे काय? साखरेची आणि रक्तदाबाची गोळी महिनाभर पुरेल इतकी मिळते काय? मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयांतला केसपेपर गांवच्यासारखा फुकट करण्याचा ठराव तुम्ही मांडाल काय, आणि केव्हां? आठ टक्क्यांचें काय झालें? त्यानें पांच लाख, पंचवीस लाख असें म्हणावयास सुरुवात केली तर त्याला थांबवून पुन्हां पहिल्यापासून विचारावें. उत्तर लिहून मागावें, तारीख घालून, खालीं सही. ज्याला सहीचें भय वाटतें त्याच्या वचनाचा भाव बाजारांत काय असेल तें सांगावयास नको.

आमची वाचकांना एक विनंति आहे. आरोग्य केंद्रांत औषधांच्या सांठ्याची नोंद असते आणि ती पाहावयास मागणें हा गांवकऱ्याचा हक्क आहे. कोणी नाहीं म्हटलें तर दहा रुपयांचें तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. त्या यादीची नक्कल आणि रिकाम्या जागांचा आंकडा आमच्याकडे पाठवावा. गांवाच्या नांवानिशीं आम्ही तो छापूं. खटावच्या सुतारानें आपल्या केंद्राची यादी उतरून आणलेली आहे. अक्षर बारीक होतें, पण चष्मा कामास आला.